सोळा रिकाम्या जागा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींना मी पाहिलेलं नाही. पण इतिहास शिकवताना ते पुस्तक मिटून ठेवत आणि ‘हे सगळं चाललं होतं तेव्हा आपल्या गावात काय होत होतं?’ असं विचारत, हे त्यांच्या विद्यार्थ्यांकडून ऐकलं आहे. आजच्या विषयाची मांडणी मी त्या प्रश्नाच्या धाकानंच केली आहे.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘भारतीय प्रजासत्ताकामागचं राजकीय लेखन’. असा विषय मिळाला की वक्ते थेट दिल्ली गाठतात. घटना समिती, मसुदा समिती, उद्दिष्टांचा ठराव. मलाही तिथे जायचं आहे, पण एक साधी चौकशी करायला. त्या सभागृहात आदिलाबादच्या वतीनं कोण बसलं होतं?

कोणीच नाही. दहा लाख लोकांमागे एक जागा हा घटना समितीचा हिशोब होता. त्या हिशोबानं, आदिलाबाद ज्यात होतं त्या हैदराबाद संस्थानच्या वाट्याला सोळा जागा होत्या, देशातल्या कुठल्याही संस्थानापेक्षा जास्त. या सोळाच्या सोळा जागा शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या. निजामाला स्वतंत्र राहायचं होतं, तोवर त्या रिकाम्या राहणं समजण्यासारखं आहे. २९ नोव्हेंबर १९४७चा जैसे थे करार हा त्या टाळाटाळीचाच कागद. पण १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांच्या पोलिस कारवाईनंतर तरी प्रतिनिधी जायला काय हरकत होती? मसुद्यावरची कलमवार चर्चा नोव्हेंबर १९४८मध्ये सुरू झाली आणि वर्षभर चालली. काश्मीरचे चार सदस्य जून १९४९मध्ये येऊन बसले. हैदराबादहून कोणी आलं नाही. लष्करी गव्हर्नर म्हणून जनरल चौधरींचा अंमल होता, निवडून आलेली संस्था नव्हती, पाठवणार कोण आणि कोणाला?

इथून, आदिलाबादहून, पैनगंगा फार लांब नाही. नदीपलीकडचा यवतमाळ जिल्हा म्हणजे वऱ्हाड. कायद्याच्या भाषेत वऱ्हाडवरही निजामाचंच सार्वभौमत्व होतं. १८५३मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला, १९०२मध्ये कायमच्या पट्ट्यानं दिला गेला, तरी निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणत. कागदोपत्री राजा एकच. पण वऱ्हाडातून अमरावतीचे पंजाबराव देशमुख घटना समितीत बसले, दुरुस्त्या सुचवत राहिले, शेतकऱ्याचं नाव घेऊन भांडत राहिले. नदीच्या या काठावरच्या माणसाला तशी संधीच नव्हती. एका काठाला घटना लिहिण्यात वाटा होता, दुसऱ्या काठाला ती पोचती झाली.

पोचती झाली ती कशी, हे जरा नीट बघू. २३ नोव्हेंबर १९४९ला, म्हणजे दिल्लीत घटना स्वीकारली गेली त्याच्या तीन दिवस आधी, निजाम मीर उस्मान अली खान यांनी एक फर्मान काढलं. हिंदुस्थानची घटना समिती जी घटना तयार करत आहे तीच हैदराबादची घटना राहील, असा त्याचा आशय. त्यात एक अटही होती. संस्थानची लोकनियुक्त घटना समिती लवकरच बोलावली जाईल आणि तिच्यामार्फत लोकांची संमती घेतली जाईल. ती समिती कधी भरलीच नाही. दोन महिन्यांनी निजाम राजप्रमुख झाले, आणि १९५२च्या सुरुवातीला लोकांनी थेट विधानसभा आणि लोकसभा निवडली. आदिलाबादनं त्या पहिल्या निवडणुकीत काँग्रेसला बाजूला सारून समाजवादी पक्षाचे सी. माधव रेड्डी लोकसभेवर पाठवले. ते मतदान म्हणजेच संमती, असं म्हणता येईल. मी स्वतः तसंच म्हणतो. पण संमती मागण्याचं वचन देणारा कागद आणि मतपत्रिका हे दोन वेगळे कागद आहेत, आणि पहिल्या कागदाचं पुढे काय झालं हे आपल्या पाठ्यपुस्तकांत येत नाही.

म्हणजे राजाच्या हुकमानं राजाचे हुकूम संपले. काहींना हे विचित्र वाटतं, मला वाटत नाही, कारण हैदराबादेत राज्य कोणाचं या प्रश्नाची उत्तरं त्याआधी दहा-बारा वर्षं लिहिली जात होती, आणि त्या उत्तरांत निजामाचं उत्तर सगळ्यात दुबळं होतं.

ते दुबळं उत्तर आधी घेऊ. १९३७मध्ये सरकारनं अरवमुदु अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणा समिती नेमली. १९३९च्या जुलैमध्ये सुधारणा जाहीर झाल्या. पंचाऐंशी सदस्यांचं कायदेमंडळ, त्यात प्रतिनिधित्व प्रदेशाला नसून धंद्याला, जमीनदारांचे इतके, व्यापाऱ्यांचे इतके, आणि हिंदू-मुसलमान समसमान. त्यामागचा विचार असा की राजा हाच प्रजेचा खरा प्रतिनिधी, आज निवडून येऊन उद्या जाणाऱ्या कोणापेक्षाही त्याचं प्रजेशी नातं अधिक स्वाभाविक. युद्ध सुरू झालं आणि तेवढंही बराच काळ अडकून राहिलं.

दुसरं उत्तर मजलिस इत्तेहादुल मुसलमीनचं. तिचे नेते बहादुर यार जंग हे फार मोठे वक्ते, त्यांच्या सभेला विरोधकही जाऊन बसत असं म्हणतात. त्यांच्या काळात ‘अनल मलिक’ हा सिद्धान्त मांडला गेला: राज्य एकट्या निजामाचं नाही, ते मुसलमान समाजाचं आहे, निजाम त्या सामूहिक सत्तेचं प्रतीक आहे. घाईत वाचलं तर हा नुसता जमातवाद दिसतो. पण त्यातलं पहिलं पाऊल आधुनिक आहे. सत्ता राजाच्या अंगातून काढून माणसांच्या समूहाकडे दिली आहे. घात झाला तो दुसऱ्या पावलावर, त्या समूहाच्या व्याख्येत संस्थानातली बहुसंख्य माणसं बसवलीच नव्हती. पुढे रझाकारांचे नेते कासिम रझवी यांच्या हातात त्या सिद्धान्ताचं काय झालं ते मराठवाड्याला, तेलंगणाला सांगायला नको.

तिसरं उत्तर हैदराबाद स्टेट काँग्रेसचं. १९३८मध्ये ती स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी ऑक्टोबरात सत्याग्रह करून तुरुंगात गेले. त्यांची तेव्हाची मागणी आज वाचली तर मवाळ वाटते: असफजाही घराण्याच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती. राजा राहू द्या, दिवाण लोकांना जबाबदार करा. बंदी उठली १९४६मध्ये. पुढच्याच वर्षी, जून १९४७च्या हैदराबाद अधिवेशनात स्वामीजींनी हिंदी संघराज्यात विलीनीकरणाची भूमिका घेतली. ७ ऑगस्टला तसा दिवस पाळला गेला आणि १५ ऑगस्टला देश स्वतंत्र होत असताना ते पुन्हा अटकेत होते. नऊ वर्षांत मागणी राजाच्या छत्राखालून बाहेर पडली. हा प्रवास कोणा एका ग्रंथातून झाला नाही. तो पत्रकांतून झाला, चोरून आणलेल्या साप्ताहिकांतून झाला.

त्या साप्ताहिकांना इथवर पोचणं सोपं नव्हतं. गश्ती निशाण ५३ हे नाव जुन्या मंडळींना आठवत असेल. सभा घ्यायची तर आधी परवानगी, असं सांगणारं सरकारी परिपत्रक. वाचनालय काढलं तरी संशय. आनंद कृष्ण वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ संस्थानाबाहेर, पुण्यात काढला. बंदी आली की ते पत्राचं नाव बदलत आणि तोच मजकूर पुन्हा हद्दीत शिरे. परतूरला १९३७मध्ये महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं. आंध्र महासभा त्याआधी १९३०पासून जोगीपेठेहून चालू होती. आदिलाबादची अडचण अशी की हा जिल्हा दोन्हींच्या कडेला होता. मराठी परिषद औरंगाबाद-नांदेडकडे बघे, तेलुगू महासभा वरंगल-नलगोंड्याकडे. राजुरा, किनवट, आदिलाबाद इथले मराठी लोक दोन चळवळींच्या शिवेवर राहत होते. शिवेवरच्या शेताला दोन्हीकडची गुरं लागतात, पाणी मात्र कुठल्याच पाटाचं येत नाही.

आता थोडा वेळ पुण्याला जाऊ, कारण तिथे एक व्याख्यान झालं आणि तेही आपल्यासारखंच स्मारक व्याख्यान होतं. २९ जानेवारी १९३९, गोखले अर्थशास्त्र संस्थेचं काळे स्मारक व्याख्यान, वक्ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, विषय संघराज्य विरुद्ध स्वातंत्र्य. १९३५च्या कायद्यानं ब्रिटिश प्रांत आणि संस्थानं यांचं एक संघराज्य करायचं घाटत होतं. बाबासाहेबांनी त्या योजनेचा एकेक सांधा उकलून दाखवला. संस्थानांचे प्रतिनिधी राजे नेमणार, तिथल्या प्रजेला मत नाही, आणि हे नेमलेले लोक प्रांतांतल्या निवडून आलेल्यांच्या बरोबरीनं कायदे करणार. म्हणजे संस्थानी प्रजा तर गुलाम राहणारच, शिवाय तिच्या गुलामीचा वापर करून बाकीच्यांचं स्वराज्यही अडवलं जाणार. माझ्या मते प्रजासत्ताकाच्या पूर्वतयारीतला हा फार महत्त्वाचा मजकूर आहे, आणि तो जितका वाचला जायला हवा तितका वाचला जात नाही. आपल्याकडे बाबासाहेबांची दोन-तीन भाषणं पुन्हा पुन्हा वाचली जातात. हैदराबादी माणसानं हे वाचावं, कारण त्यात त्याचं नाव न घेता त्याचीच गोष्ट आहे.

आणि आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आतापर्यंतची तिन्ही उत्तरं शहरात लिहिली गेली. राज्य कोणाचं, या प्रश्नाचं चौथं उत्तर याच जिल्ह्याच्या डोंगरात दिलं गेलं, आणि ते अर्जाच्या रूपात होतं.

जोडेघाट आणि भोवतालची बारा गावं. जंगल खात्याच्या लोकांनी हद्दीच्या रेघा मारल्या, गुरं चारायला बंचराईची पट्टी बसवली, पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनी सरकारी जंगल ठरवल्या. मैदानातून आलेले लोक तहसीलच्या दफ्तरात जाऊन त्याच जमिनींचे पट्टे स्वतःच्या नावे करत होते, कारण त्यांना लिहिता येत होतं. गोंडांचा नेता कोमराम भीम याची मागणी या बारा गावांवरच्या हक्काची होती. तो सुरुवातीपासून बंदूक घेऊन उभा राहिला असं चित्र रंगवलं जातं, ते अपुरं आहे. आधी अर्ज झाले, अधिकाऱ्यांशी बोलणी झाली. निजामाची भेट मागायला तो हैदराबादला गेला आणि त्याला भेट मिळाली नाही, असं सगळे सांगतात. त्याच्या चरित्रकथांत आणखी एक गोष्ट येते. तरुणपणी तो चांद्याकडे एका विठोबा नावाच्या छापखानेवाल्याजवळ राहिला, तिथे लिहा-वाचायला शिकला, सरकारविरोधी छपाई पाहिली, आणि पुढे आसामच्या चहामळ्यांत मजुरीला गेला. ही कथा दप्तरी पुराव्यानं सिद्ध झाली आहे असं मी म्हणत नाही. पण गोंड लोकांनी आपल्या नायकाच्या कथेत छापखाना ठेवला, याला माझ्या लेखी मोठं मोल आहे. ज्या कागदानं जमीन गेली त्या कागदाची विद्या नायकाला यायला हवी, ही त्या कथेची मागणी आहे.

१९४०मध्ये जोडेघाटला पोलिसांच्या गोळीबारात भीम आणि त्याचे साथीदार मारले गेले. दरवर्षी आश्विन पौर्णिमेला तिथे माणसं जमतात. जल, जंगल, जमीन ही घोषणा आज देशभर त्याच्या नावाशी जोडली जाते. घोषणेत एक राजकीय सिद्धान्त आहे: हक्क कसणाऱ्याचा आणि राहणाऱ्याचा, दप्तरात नाव असलेल्याचा नंतर. राजा, धर्मसमूह आणि मतदार ही तीन उत्तरं झाली. हे त्यांच्याहून वेगळं उत्तर होतं, आणि ते देणाऱ्यांपैकी बहुतेकांना सही करता येत नव्हती.

इथे एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. बाबासाहेबांविषयी आदर असलेल्या माणसानं ती झाकून ठेवू नये. भीमाच्या मृत्यूला पाच वर्षं होत आली होती. ६ मे १९४५ला मुंबईत बाबासाहेबांनी जातीय प्रश्नाच्या सोडवणुकीवर एक मोठं भाषण केलं, ते पुस्तिका म्हणून छापलं गेलं. त्यात प्रतिनिधित्वाचा बारीक हिशोब आहे, पण आदिवासींना त्यातून वगळलं आहे. कारण दिलं आहे ते असं की राजकीय संधीचा नीट उपयोग करण्याइतकी राजकीय जाण त्यांच्यात अजून आलेली नाही. ज्या विद्वानानं संस्थानी प्रजेची मुकी अवस्था इतक्या धारदारपणे दाखवली, त्याला संस्थानातल्या डोंगरी प्रजेची जाण दिसली नाही. त्याला आपल्याकडची वर्तमानपत्रंही जबाबदार आहेत. जोडेघाटची बातमी मुंबईत किती पोचली असेल?

आदिवासींना वगळण्याच्या त्या कारणाला उत्तर दीड वर्षानं दिल्लीत मिळालं. १९ डिसेंबर १९४६ला, उद्दिष्टांच्या ठरावावर बोलताना, छोटा नागपूरचे जयपालसिंग मुंडा उभे राहिले. हॉकीपटू, ऑक्सफर्डचे पदवीधर, १९२८च्या ऑलिंपिक संघाचे कर्णधार. त्यांनी सभागृहाला बजावलं की आदिवासींना लोकशाही शिकवायला जाऊ नका, या देशात ती सगळ्यात जुनी त्यांच्याकडेच आहे. हे बोलणं भावनेचं नव्हतं. गोंडांची पंचायत, सगांची म्हणजे कुळगटांची रचना, पाटलाचे आणि मोकाशांचे ठरलेले अधिकार, ज्यांनी पाहिलंय त्यांना त्याचा अर्थ कळेल. पंचायतीत बायकांना बोलता येत नाही, हेही त्यांना कळेल. सगळं सोनं नव्हतं.

बाबासाहेबांची भूमिका १९४५ला गोठून राहिली नाही. पाचवी अनुसूची ५ सप्टेंबर १९४९ला सुधारित रूपात मांडली ती त्यांनीच. अनुसूचित क्षेत्रात जमीन हस्तांतरावर, सावकारीवर बंधनं घालणारे विनियम राज्यपालांना करता येतील, सर्वसाधारण कायदे तिथे लागू न करता येतील, आदिवासी सल्लागार परिषद राहील. मात्र आधीच्या मसुद्यात त्या परिषदेच्या सल्ल्याला जी ताकद होती ती सुधारित मसुद्यात कमी झाली, आणि जयपालसिंगांनी त्यावर नाराजी बोलून दाखवली. सल्लागार परिषद सल्ल्यापुरती उरली. आदिलाबादचा कोणी तिथे असता तर काय बोलला असता? डिसेंबर १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं उटनूर, बोथ, किनवट, राजुरा, आसिफाबाद इकडची गावं अनुसूचित क्षेत्र म्हणून जाहीर झाली. त्यांच्याबद्दल एक अक्षरही त्यांच्या माणसाकडून बोललं न जाता.

मी या गोष्टीची तक्रार करून थांबलो असतो, पण आदिलाबादचा इतिहास त्यापेक्षा अडचणीचा आहे. तो सांगितल्याशिवाय प्रजासत्ताकाबद्दल इथे बोलणं ढोंग ठरेल.

जोडेघाटनंतर निजाम सरकार हादरलं आणि त्यानं एका मानववंशशास्त्रज्ञाला इकडे पाठवलं. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ, मूळचा व्हिएन्नाचा. तो मारलवाईला झोपडी बांधून राहिला, पत्नी बेट्टी हिच्यासह. गोंडी शिकला. महसूल खात्यात तेव्हा ग्रिगसन नावाचे इंग्रज अधिकारी होते, बस्तरच्या माडियांवर ग्रंथ लिहिलेले. त्यांचा आधार मिळाला. हायमेनडॉर्फचे अहवाल हेही राजकीय लेखनच आहे, सरकारी कागदावर लिहिलेलं. त्यातून जमिनीचे पट्टे वाटले गेले, दीड लाख एकरांहून अधिक, दहा हजारांवर आदिवासी कुटुंबांना. मारलवाईला १९४३मध्ये गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघालं. गोंडी वाचनमाला देवनागरीत छापली गेली, कारण जे थोडे गोंड तेव्हा साक्षर होते ते मराठीत साक्षर होते. केसलापूरच्या नागोबा जत्रेत अधिकाऱ्यांनी येऊन लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, हा दरबारही चाळीसच्या दशकातला त्याचाच. १९४६मध्ये आदिवासी क्षेत्रांसाठी विनियम झाला.

म्हणजे हुकूमशहाच्या राज्यात, एका परदेशी माणसाच्या शिफारशीनं, गोंडाला जमीन मिळाली. आणि प्रजासत्ताकात? हायमेनडॉर्फ सत्तरच्या दशकात परत आला. त्यानं जे पाहिलं ते १९८२च्या ‘ट्राइब्ज ऑफ इंडिया’मध्ये लिहिलं आहे. रस्ते झाले होते, कापूस आला होता, बाहेरून वस्ती आली होती, आणि त्यानं मिळवून दिलेले पट्टे एकेक करून हातचे गेले होते. कर्जात, खोट्या खरेदीखतात, नुसत्या दमदाटीत.

हे का झालं, याचं उत्तर घटनेच्या मजकुरातच आहे. १९व्या अनुच्छेदानं प्रत्येक नागरिकाला देशात कुठेही जाण्याचा, राहण्याचा, तेव्हा मालमत्ता घेण्याचाही हक्क दिला. संस्थानाच्या भिंती पाडणारा हा हक्क. औरंगाबादच्या तरुणाला मुंबईची वाट मोकळी करणारा. त्याच हक्कानं उटनूरची वाटही मोकळी झाली. घटनाकारांना हे कळत नव्हतं असं नाही. त्याच अनुच्छेदाच्या पाचव्या खंडात अनुसूचित जमातींच्या हितासाठी या स्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालता येतील असं लिहून ठेवलं आहे. लिहून ठेवलं, पण अंमलात आणायला वेळ गेला. १९५९चा जमीन हस्तांतर विनियम तेलंगणाच्या भागाला १९६३मध्ये लागू झाला. त्याला दात आले १९७०च्या दुरुस्तीनं, जिला आपण ‘वन ऑफ सेवंटी’ म्हणतो. अनुसूचित क्षेत्रात बिगर-आदिवासीच्या ताब्यातली जमीन मुळात आदिवासीचीच होती असं गृहीत धरायचं, आणि व्यवहार झाला तर फक्त आदिवासीशीच. वीस वर्षं मधे गेली होती. या सभागृहातल्या काहींच्या घरात या कायद्याबद्दल कडू बोललं जातं, हे मला माहीत आहे. दोन पिढ्या जमीन कसून तिचा कागद नसणं काय असतं, हे त्यांनाही कळलं आहे. गोंडांना ते शंभर वर्षं आधी कळलं होतं, एवढाच फरक.

निजामाच्या मेहेरबानीनं जास्त दिलं आणि घटनेच्या हक्कानं कमी राखलं, तर मग बदललं काय? हा प्रश्न मला एका तरुण गोंड वकिलानं विचारला होता आणि तेव्हा मी गुळमुळीत उत्तर दिलं. आज देतो ते असं. मेहेरबानी परत घेतली तर जाब विचारायला जागा नसते. हायमेनडॉर्फ गेला, त्याच्यामागे ते काम ढिलं पडलं. अनुसूचीतलं वाक्य मात्र कोणी गेल्यानं जात नाही. १९९७मध्ये समता खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं अनुसूचित क्षेत्रातली सरकारी जमीन खासगी खाण कंपन्यांना देता येणार नाही असा निकाल दिला, तेव्हा त्याच्या मुळाशी पाचवी अनुसूची होती आणि हाच १९५९-७०चा विनियम. खटला इथला नव्हता, विशाखापट्टणमच्या डोंगरातला होता. पण निकाल उटनूरलाही लागू होता.

याच्या उलट बाजूला इंद्रवेल्ली आहे. २० एप्रिल १९८१. जमीन आणि पिकाच्या भावाचे प्रश्न घेऊन गोंड शेतकरी-मजूर सभेला येत होते, सभेला परवानगी नाकारलेली होती, पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा. गावोगावचे लोक तो मानत नाहीत. स्मारकाचा स्तूप उभारला गेला, १९८६मध्ये तो पाडला गेला, पुन्हा बांधला गेला. गश्ती निशाण ५३ आणि इंद्रवेल्लीची नाकारलेली परवानगी यांत कायद्याचा फरक खूप आहे. एक मनमानीचा हुकूम, दुसरा न्यायालयात आव्हान देता येण्याजोगा. त्या दिवशी बैलगाडीतून आलेल्या माणसाला हा फरक दिसणं शक्य नव्हतं, आणि त्यानं तो दिसून घ्यावा अशी अपेक्षाही मी करत नाही.

१ नोव्हेंबर १९५६च्या राज्यपुनर्रचनेबद्दल थोडक्यात. भाषावार राज्यांचा विचार योग्य होता, माझा त्याला पाठिंबाच आहे. पण भाषा मोजताना मराठी आणि तेलुगू मोजल्या, गोंडी आणि कोलामी मोजल्या नाहीत. किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले, किनवट नांदेडला, राजुरा पुढे चांद्याला. उटनूर, आसिफाबाद आंध्रात. एकाच सग्याची घरं दोन राज्यांत. बंजाऱ्यांचं तर आणखी अवघड झालं, १९७६च्या दुरुस्तीनंतर तेलंगणात ते अनुसूचित जमात, किनवटला विमुक्त जात. आणि केरामेरी-जिवतीच्या सीमेवरच्या वादातल्या गावांत तर माणसं दोन्ही राज्यांत मतदान करतात, दोन्हीकडची शिधापत्रिका ठेवतात. त्यावर हसू नये. दोन्ही सरकारांपैकी कोणतं दाराशी येईल याची खात्री नसेल तर शहाणा माणूस दोन्हीकडे नाव ठेवतो.

शेवटी एका चालू कामाबद्दल बोलतो. १९९६च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला जमीन, गौण वनोपज, गावातले तंटे यांबद्दल अधिकार दिले. आंध्रानं त्याचे नियम २०११मध्ये केले, महाराष्ट्रानं २०१४मध्ये. तेव्हापासून या डोंगरांत पहिल्यांदाच एक असा राजकीय कागद तयार होऊ लागला आहे, जो वरून येत नाही आणि वर विनंती म्हणून जात नाही. ग्रामसभेचा ठराव. सभेत बोलणं गोंडीत होतं. तेलंगणाच्या बाजूला वृत्तान्त तेलुगूत उतरतो, किनवटच्या बाजूला मराठीत. हायमेनडॉर्फची देवनागरी आता तेलंगणातल्या शाळेत फारशी चालत नाही. नारनूर मंडलातल्या गुंजाला गावात परधान कुटुंबांनी जपलेली हस्तलिखितं अभ्यासकांच्या नजरेस आली, त्यातली स्वतंत्र लिपी २०१८मध्ये युनिकोडमध्ये गेली. तेव्हापासून गोंड तरुणांत वाद चालू आहे: ठराव गुंजाला लिपीत लिहावेत, की तहसीलदाराला वाचता येईल अशा लिपीत? पहिल्या पक्षाचं म्हणणं की आपल्या लिपीत लिहिलेलं आपलं राहतं. दुसऱ्याचं म्हणणं की आधीच कमी वाचलं जातं, त्यात आणखी अडथळा कशाला.

माझं मत विचाराल तर लिपी दोन्ही ठेवाव्यात, पण वृत्तान्त सभेतच लिहून सभेतच मोठ्यानं वाचून दाखवला जावा. नंतर पंचायतीच्या खोलीत बसून ग्रामसेवकानं जुळवलेला ठराव कुठल्याही लिपीत असला तरी तो ग्रामसभेचा नव्हे. प्रत्यक्षात तुमच्या गावांत काय चालतं, वृत्तान्त कोण लिहितं आणि कधी वाचला जातो, हे मला तुमच्याकडून ऐकायचं आहे. अध्यक्षांनी त्यासाठी अर्धा तास राखून ठेवला आहे.